बाल्कनीत बसायला जागा आहे का?

तुमच्या घराला बाल्कनी आहे का, असं विचारलं तर बरेच जण लगेच 'हो' म्हणतील. पण त्या बाल्कनीत तुम्ही शेवटचं निवांत कधी बसला होतात, असं विचारलं तर? मग जरा आठवावं लागतं.

गेल्या वर्षी आजी गावाहून आमच्याकडे महिनाभर राहायला आली होती. तिचं गावचं घर जुनं. पुढे ओटा, ओट्यापुढे अंगण. संध्याकाळी ओट्यावर बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, ''अगं, पण इथे बाहेर बसायचं कुठे?''

मी मोठ्या उत्साहाने बाल्कनीचं दार उघडलं. तिथे बंद पडलेला कूलर, माझी शाळेतली सायकल, रद्दीचे गठ्ठे, कपड्यांचा स्टॅण्ड आणि सुकलेल्या चार कुंड्या होत्या. आजीने एक नजर टाकली. ''ही तर अडगळीची खोली झाली की गं,'' एवढंच म्हणाली. महिनाभरासाठी आलेली आजी दहाव्या दिवशी परत निघाली. कारण काही सांगितलं नाही, पण आम्हाला ते कळलं होतं.

त्यानंतर आम्ही बाल्कनी बदलायचं ठरवलं. फरशी उखडली नाही, सुतार बोलावला नाही, की महागडं फर्निचरही आणलं नाही. या सगळ्यात एक गोष्ट मात्र समजली. बाल्कनी, गच्ची किंवा अंगण आधी सजवायला घेतलं, तर ते फोटोपुरतं छान दिसतं. आधी बसायची सोय केली, तर ते रोज वापरात येतं.

आपल्याकडच्या जुन्या घरांना हे माहीत होतं. वाड्याचा ओटा, कोकणातली पडवी, गोव्याच्या घरांचा बाल्कांव, गुजरातेतला ओटलो, तमिळनाडूतलं तिण्णै हे सगळं घर आणि रस्ता यांच्या मधे टेकायला केलेलं. तुम्ही पुण्यात असा, इंदूरमध्ये, बडोद्यात किंवा बंगळुरूमध्ये, तुमच्या चार फुटांच्या बाल्कनीतही तो ओटा तयार होऊ शकतो. कसा, ते पाहू या.

आधी नुसतं बसून पाहा

खरेदीची यादी करण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत खुर्ची टाका. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं बसा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, समोरच्या घरातून थेट किती दिसतं, डास कधी सुरू होतात, हे सगळं लक्षात येईल.

पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन मिळतं, म्हणून ती चहा-पेपरसाठी उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी तीननंतर भाजून निघायला होतं, तिथे आधी सावलीची सोय हवी. दक्षिणेकडे हिवाळ्यात छान ऊन येतं. उत्तरेकडे थेट ऊन कमी, म्हणजे बसायला गारवा, पण फुलझाडांना अडचण. दिशा पाहिली नाही तर नर्सरीतून आणलेला मोगरा सावलीत ठेवला जातो आणि महिन्याभरात आपण म्हणतो, ''आमच्याकडे झाडं जगतच नाहीत.''

पसारा काढा, मग पाण्याची बादली घ्या

बाल्कनीतली प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा, गेल्या वर्षभरात ही वापरली का? उत्तर 'नाही' असेल, तर ती भंगारवाल्याला किंवा गरजूला द्या. 'कधीतरी लागेल' या शब्दांनीच आपल्या बाल्कन्या भरल्या आहेत. आमच्याकडे सायकल वॉचमनकाकांच्या मुलीला दिली, कूलर भंगारात गेला आणि तेवढ्यानेच निम्मी बाल्कनी मोकळी झाली.

मग सफाई. इथे दोन गोष्टी जरूर सांभाळा. पहिली, कबुतरांची विष्ठा. ती वाळलेली असताना झाडू मारला तर तिची धूळ श्वासावाटे आत जाते आणि त्यातून फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. म्हणून आधी पाणी शिंपडून ती पूर्ण भिजू द्या, तोंडाला मास्क लावा, हातमोजे घाला आणि मगच काढा. दम्याच्या पेशंटने हे काम करूच नये.

दुसरी, शेवाळ. फरशीवर हिरवट थर असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. पण ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो. 'दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल' हा समज धोक्याचा आहे.

धुताना पाणी जाण्याच्या जाळीकडेही बघा. त्यात पानं, माती अडकली असेल तर पावसाळ्यात पाणी थेट हॉलमध्ये येईल. भिंतीच्या भेगेत पिंपळाचं इवलंसं रोप दिसलं तर ते मुळासकट काढा आणि भेग बुजवून घ्या. आज दोन पानं आहेत, पण उद्या त्याची मुळं भिंत फोडतात.

बसायची जागा, सगळ्यांच्या गुडघ्यांना चालेल अशी

सोशल मीडियावर बाल्कनीचे फोटो पाहिले की खाली गादी, लोड, रंगीत उशा दिसतात. दिसायला खरंच सुंदर! पण घरात पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल, तर ती व्यक्ती त्या गादीवर एकदाच बसेल. उठताना गुडघे इतके बोलतील की पुन्हा तिकडे फिरकणार नाही.

म्हणून निदान एक तरी बैठक नेहमीच्या खुर्चीच्या उंचीची, म्हणजे साधारण 18 इंच उंच ठेवा. तिला हात असतील तर उठायला आधार मिळतो. नवीन घ्यायलाच हवी असं नाही. घरात कुठेतरी जुनी लोखंडी खुर्ची पडलेली असते. गंज सॅण्डपेपरने घासून काढा, पुसून कोरडी करा, रेड ऑक्साईड प्रायमरचा एक हात द्या आणि वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात मारा. एका वीकेण्डचं काम आहे. वेताच्या खुर्चीची वीण सुटली असेल तर विणून देणारे कारागीर अजूनही बऱ्याच शहरांत मिळतात.

बाल्कनी फारच अरुंद असेल तर भिंतीला लागून एक चिंचोळा बाक पुरतो. बाकाखाली चपला किंवा बागकामाचं सामान मावतं. घडीची खुर्ची असेल तर ती बाल्कनीतच एका हुकाला अडकवा. माळ्यावर ठेवलेली खुर्ची रोज कोणी काढत नाही.

आणि हो, खुर्चीशेजारी चहाचा कप ठेवायला काहीतरी हवंच. उलटी ठेवलेली मोठी कुंडी किंवा लहान स्टूल चालेल. कप ठेवायला जागा नसली की माणूस पाच मिनिटांत आत जातो, हे मी अनुभवाने सांगते.

पायाखाली काय घालायचं? सध्या कृत्रिम हिरवळीची फॅशन आहे. पण उन्हात ती चांगलीच तापते आणि पावसात खाली पाणी धरून ठेवते. त्यापेक्षा विणलेली प्लॅस्टिकची चटई बरी. ती झटकून, धुऊन लगेच वाळते. कोरड्या दिवसांत घरची सतरंजी आहेच.

सावली आणि थोडा आडोसा

ऊन खिडकीच्या काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा ते बाहेरच अडवलं, तर घर जास्त थंड राहतं. त्यामुळे बाल्कनीच्या कडेला केलेली सावली आतल्या खोलीलाही उपयोगी पडते.

बांबूची चिक हा जुना आणि चांगला पर्याय. ती गुंडाळून वर करता येते, वाराही खेळता राहतो. शेडनेट घेणार असाल तर तिच्यावरचा टक्का पाहा. 50 टक्क्यांची नेट साधारण निम्मं ऊन अडवते, ती फुलझाडांना चालते. 75 टक्क्यांची नेट बसायच्या जागेसाठी आणि सावलीतल्या झाडांसाठी योग्य.

नागपूर, इंदूर, दिल्ली अशा कोरड्या उन्हाळ्याच्या शहरांत वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडा. पाण्याची वाफ होताना हवा गार होते आणि वास तर काय सांगावा! मुंबई, गोवा, चेन्नई अशा दमट ठिकाणी मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण हवेत आधीच भरपूर ओलावा असतो. तिथे वारा अडणार नाही एवढं बघा.

समोरच्या खिडक्यांमुळे संकोच वाटत असेल तर पूर्ण बाल्कनी झाकायची गरज नाही. बसल्यावर आपलं डोकं जिथे येतं तेवढ्याच उंचीवर आडोसा करा. जुन्या सुती साडीचा अर्धा पडदाही काम करतो. तुमच्या बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट असेल तर त्याच्या तोंडाशी पडदा किंवा कुंड्या नकोत. गरम हवा अडली तर एसीवर ताण येतो आणि झाडंही करपतात. त्याच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी मात्र बादलीत साठवून कुंड्यांना घाला.

झाडं मोजकीच, पण तुमच्या उन्हाची

नर्सरीत गेलं की मोह आवरत नाही. पण पहिल्या फेरीत चार-पाचच झाडं आणा.

पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर तुळस, मोगरा, जास्वंद, सदाफुली, ऑफिस टाइम आणि बोगनवेल छान येतात. बोगनवेलीला फार पाणी घालू नका. माती थोडी कोरडी राहिली की ती जास्त बहरते. ऊन कमी असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट लावा. स्वयंपाकघराच्या बाजूला गवती चहा, पुदिना आणि कढीपत्ता असला की रोज तिकडे जायला निमित्त मिळतं. घरात रांगतं बाळ किंवा मांजर-कुत्रा असेल तर कण्हेर आणि डिफेनबॅकिया आणू नका, ती विषारी आहेत. मनी प्लांटची पानंही त्यांच्या तोंडात जाणार नाहीत अशी उंचावर ठेवा.

पाणी वेळ पाहून नाही, माती पाहून घाला. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज सुट्टी. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने कुजून जास्त मरतात.

वजनाचाही विचार करा. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की सहज 20 किलोच्या आसपास जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे तीन मोठी माणसं कायम बाल्कनीत उभी! म्हणून माती, कोकोपीट आणि गांडूळखत सम प्रमाणात घ्या. मिश्रण हलकं होतं. जड कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला न ठेवता घराच्या भिंतीला लागून ठेवा.

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याचं भांडंही रोज बदला.

संध्याकाळसाठी दिवा

बाल्कनीत बहुतेक वेळा बिल्डरने लावलेला पांढराशुभ्र दिवा असतो. तो लावला की आपण स्टेजवर बसल्यासारखे दिसतो, शिवाय किडे जमतात. तोच बल्ब काढून मंद पिवळ्या प्रकाशाचा बल्ब लावा. खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेलं असतं, तो घ्या. पिवळसर प्रकाशाकडे किडे तुलनेने कमी येतात आणि डोळ्यांनाही शांत वाटतं. एवढ्या एका बदलाने जागा निराळी दिसते.

दिव्यांच्या माळा लावणार असाल तर बाहेरच्या वापराच्याच घ्या. खोक्यावर आयपी65 असं लिहिलेलं असेल तर धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून त्या सुरक्षित असतात. दिवाळीतल्या आतल्या वापराच्या माळा पावसात तशाच ठेवू नका. जिथे थेट ऊन येतं तिथे सोलर दिवे लावले तर वायरचा प्रश्नच नाही.

गच्ची किंवा अंगण असेल तर

जागा मोठी असली की सगळीकडे थोडं थोडं करायचा मोह होतो आणि कुठलाच कोपरा धड होत नाही. त्यापेक्षा एकच कोपरा निवडा, शक्यतो दाराजवळचा. दूरच्या कोपऱ्यापर्यंत चहाचे कप घेऊन रोज कोणी जात नाही.

गच्चीवर कुंड्या थेट जमिनीवर ठेवू नका. विटांवर किंवा स्टॅण्डवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि स्लॅबला ओल येणार नाही. बसायच्या कोपऱ्यावर शेडनेट ताणा, पण वादळी वाऱ्याच्या दिवसांत ती सोडून ठेवता येईल अशी बांधा. अंगणात झाड असेल तर त्याच्या सावलीसारखी दुसरी जागा नाही. तिथे दोन सपाट दगड किंवा शहाबादी फरशीचा जुना तुकडा विटांवर टेकवला की झाला पार. तुळशीवृंदावनाचा रंग उडाला असेल तर एकदा चुना किंवा गेरू लावून पाहा, सगळं अंगण उजळतं.

भाड्याचं घर आहे? हरकत नाही

भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल तर रेलिंगला अडकवायचे हुक, कपड्यांच्या दोरीवर क्लिपने लावलेला पडदा आणि उभा स्टॅण्ड यांवर काम भागतं. घर बदलताना सगळं सोबत नेता येतं. बाल्कनी बंदिस्त करणं, बाहेरचा रंग बदलणं अशा गोष्टींसाठी मात्र घर स्वतःचं असलं तरी सोसायटीला आधी विचारा.

सुरक्षेच्या या गोष्टी विसरू नका

* रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला कुंड्या टांगू नका. वाऱ्याने एखादी खाली पडली तर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो.
* लहान मुलं असतील तर रेलिंगजवळ स्टूल, बाक, मोठी कुंडी असं चढण्यासारखं काही ठेवू नका. खुर्चीही वापरून झाली की आतल्या बाजूला सरकवा.
* झोपाळा टांगायचा असेल तर हुक जाणकाराकडूनच बसवून घ्या. नाही तर स्टॅण्डचा झोपाळा घ्या.
* पावसाळ्यात निसरड्या फरशीवर ज्येष्ठांसाठी न घसरणारी चटई टाका.

दोन सुट्ट्यांत काम पूर्ण

पहिल्या शनिवारी पसारा काढा आणि धुऊन घ्या. रविवारी दिवसभर ऊन-सावली पाहा, जुनी खुर्ची घासून प्रायमर लावा. पुढच्या शनिवारी खुर्ची रंगवा, बल्ब बदला, चिक किंवा पडदा लावा. रविवारी नर्सरीतून चार झाडं आणा आणि संध्याकाळी सगळे मिळून तिथेच चहा घ्या. मुलांनाही कामाला लावा. कुंडी रंगवायला किंवा रोपांना नावं द्यायला ती एका पायावर तयार असतात. जे स्वतः केलेलं असतं, त्याची काळजीही घेतली जाते.

आणि मग एक नियम करा. बाल्कनीत जे जे 'तात्पुरतं' ठेवलं जाईल, ते रात्रीपर्यंत उचललं गेलंच पाहिजे. नाही तर एक खोका दुसऱ्या खोक्याला बोलावतो.

आमच्या बाल्कनीत आज फार काही नाही. बाबांनी हिरवा रंग दिलेली जुनी खुर्ची, एक लाकडी स्टूल, बांबूची चिक, पिवळा दिवा आणि पाच कुंड्या. यंदा आजी आली तेव्हा आम्ही काहीच बोललो नाही. संध्याकाळी ती स्वतःच मेथीची जुडी आणि परात घेऊन तिकडे गेली. थोड्या वेळाने समोरच्या बाल्कनीतल्या काकूंशी तिच्या गप्पा सुरू झालेल्या ऐकू आल्या. ज्यांचं नाव आम्हाला सहा वर्षांत माहीत नव्हतं, त्यांचं माहेर कोणतं हे आजीला तिसऱ्या दिवशी माहीत होतं.

या वेळी ती दीड महिना राहिली. जाताना म्हणाली, ''तुळशीला पाणी घालत जा. आणि खुर्चीवर कपडे वाळत घालू नका.''

या रविवारी तुम्हीही बाल्कनीचं दार उघडा. एक खुर्ची टाका आणि बसून पाहा. पुढचं आपोआप सुचत जाईल.